वरची माती, खालची माती

“दोन पिशव्या कशा?” असं विचारून वसुधा केळुसकरने मान वर केली, तर समोर भलताच माणूस उभा होता.

दरवर्षी वाल निघाले की गोराईहून तपासायला माती यायची. कापडी पिशवी, तोंडाला सुतळी, आणि पिशवीच्या मागे सुबोध राऊत. यंदा प्रयोगशाळेच्या काउंटरवर प्लास्टिकच्या दोन पिशव्या होत्या आणि त्यांच्या मागे चाळिशीतला, घामाघूम झालेला एक गृहस्थ. नाकाची ठेवण मात्र ओळखीची होती.

“मी सिद्धेश. सुबोध राऊतांचा मुलगा.”

“हो का? बसा ना. ते नाही आले?”

“बाबा गेले, मॅडम. श्रावणात. हार्टचं झालं.”

आता होळी जवळ आली होती. म्हणजे श्रावण सरला, गणपती गेले, दिवाळी झाली, संक्रांतीचा तिळगूळसुद्धा वाटून संपला, आणि एवढे दिवस वसुधा त्या माणसाला जिवंत धरून चालली होती. फेब्रुवारी लागल्यापासून तर रोज दाराकडे बघत होती. तिला कळवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, यात कोणाचा दोषही नव्हता. माती तपासणाऱ्या बाईला कोण कळवतं? ती “अरेरे” म्हणाली. कुठल्या हॉस्पिटलात होते, फार त्रास झाला का, असं चारचौघं विचारतात ते तिनेही विचारलं. मग काय बोलावं ते सुचेना, म्हणून पीक कुठलं घेतलं होतं ते विचारलं.

“वालच. पण वाट लागली वालाची. गेल्या वर्षी कमी आला, यंदा तर काहीच नाही. पावसाचा भात ठीक होतो, पण थंडी सरून जमीन सुकायला लागली की वाल बसतोच. पानं काळपट पडतात, वेल उंचीच धरत नाही.” सिद्धेश खुर्चीच्या कडेवर बसला होता. “सगळे म्हणतात, एकदा नांगर लाव. पण बाबांनी हॉस्पिटलात माझ्याकडून शब्द घेतला. केळुसकर मॅडमना विचारल्याशिवाय शेताला नांगर लावायचा नाही. म्हणून आलो. तुम्ही सांगाल तसं.”

वसुधाने पिशव्या पुढे ओढल्या. एका पिशवीवर पेनाने ‘वरची’ लिहिलं होतं, दुसरीवर ‘खालची’.

“ते विचारायचंच राहिलं बाबांना, माती कशी घ्यायची ते,” सिद्धेश ओशाळून म्हणाला. “मी वीतभर खड्डे मारले. वरची चार बोटं एका पिशवीत भरली, खालची दुसरीत. चुकलं का?”

चुकलंच होतं. शेताच्या आठ-दहा जागांची वीतभर खोलीची माती घमेल्यात कालवून एक करायची, त्यातली मूठ-दोन मुठी पिशवीत भरायची, ही साधी रीत होती. पण बाप गेलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत काय चुका दाखवायच्या? चालेल, मी मिसळून घेईन, असं सांगून तिने त्याला वाटेला लावलं. तो गेल्यावर ती हात धुवायला आत गेली आणि नळ तसाच सोडून बराच वेळ उभी राहिली.

ही प्रयोगशाळा म्हणजे मुलुंडच्या एका औद्योगिक वसाहतीतला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. मालक धवलभाई. इथे मुख्यतः यायचं ते सोसायट्यांच्या टाक्यांचं पाणी, आणि त्या पाण्याबरोबर यायचे सेक्रेटरी, ज्यांना आपलं पाणी पोटच्या पोरासारखं पास व्हायला हवं असायचं. शेतातली माती वर्षाकाठी फारशी येत नसे. आली की धवलभाई गमतीने म्हणायचे, मॅडम, तुमचं माहेर आलं. वसुधाची उमेदीची वर्षं एका खत कंपनीच्या प्रयोगशाळेत माती चाळण्यात गेली होती, म्हणून.

सुबोध राऊत त्याच कंपनीत फिरतीवर होते. गावोगावची माती गोळा करून ते आणायचे आणि वसुधा तपासायची. ती नोकरीला लागली तेव्हा त्यांचं लग्न झालेलं होतं, मुलगा शाळेत जायला लागला होता. त्यामुळे जे होतं ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही, त्यांना तर नाहीच. तिचं त्यांच्यावर प्रेम होतं. याहून वेगळा शब्द शोधण्यात अर्थ नाही. घरी आजारी आई होती, स्थळं आली तशी परत गेली, आणि आई गेल्यावर स्थळं यायचं वयही राहिलं नाही.

कंपनीने मातीचं खातं बंद केलं तेव्हा राऊत ठरलेले पैसे घेऊन गोराईला गेले आणि त्यांनी एक नवंच काढलं. शेताला नांगर लावायचा नाही. गादीवाफे एकदाच करायचे, भाताचे खुंट तसेच ठेवायचे, वर पेंढा अंथरायचा, शेणखत आणि हाडांचा चुरा वरूनच टाकायचा, आणि काठीने भोकं पाडून बी पेरायचं. गावात हसले लोक. राऊताला आता शेतीचाही कंटाळा आला, म्हणाले. पण शेताने साथ दिली. गांडुळं झाली, पाण्याची ओल टिकायला लागली, आणि हसणारे येऊन बांधावर उभे राहून बघायला लागले.

आणि दर वर्षी मातीची पिशवी घेऊन राऊत मुलुंडला यायचे. कुरियरने पाठवता आली असती. वसुधानेही तसं कधी सुचवलं नाही. आदल्या दिवशी ती समोरच्या बेकरीतून खारी आणून ठेवायची. राऊत स्टुलावर बसायचे, चहात खारी बुडवत कंपनीतल्या जुन्या माणसांच्या बातम्या द्यायचे, आणि मागच्या वर्षीच्या मातीचा निकाल ऐकायचे, जणू तो फोनवर तिने तेव्हाच सांगितलेला नव्हता. “काय केळुसकर, हललंय का काही?” तिने म्हणायचं, नाही, मध्यमच आहे, होतं तसं. त्यांनी म्हणायचं, मग नांगर नको. गोराईची लाँच गाठायची म्हणून चार वाजता उठायचे. झालं. एवढ्यावर तिचं वर्ष निघायचं.

माती सावलीत वाळायला दोन ताटल्यांत पसरली तेव्हाच वसुधाला खटकलं होतं. वरची काळीशार, भुसभुशीत, मुळांच्या जाळीने भरलेली. खालची फिकट, ढेकळाची. एकाच शेतातल्या, मध्ये चार बोटांचं अंतर, आणि सख्ख्या म्हणून सांगितल्या तर पटू नयेत अशा. चौथ्या दिवशी तिने दोन्ही कुटून चाळल्या, मिसळायला घमेलं घेतलं, आणि घमेलं परत ठेवून दिलं. आधी वेगवेगळ्याच बघू, म्हणाली.

पानं काळपट आणि वेल खुरटे म्हणजे पिकाला फॉस्फरस कमी पडत असणार, असा तिचा अंदाज होता. पण जमिनीतला फॉस्फरस असा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. माती औषधाच्या पाण्यात हलवायची, गाळायची, मग त्या पाण्यात ठरलेलं रसायन घातलं की हळूहळू निळा रंग चढतो. जेवढा फॉस्फरस, तेवढा गडद निळा. वरच्या मातीची नळी बघता बघता शाईसारखी झाली. खालच्या मातीची नळी तशीच पांढरी. तिने मागे कोरा कागद धरून बघितलं, तेव्हा कुठे निळसर झाक दिसली. यंत्राने आकडे दिले तेही तसेच, वर भरमसाट आणि खाली जवळजवळ काही नाही.

मग तिने दोन्ही माती रीतीप्रमाणे मिसळून तिसरी नळी लावली. तिच्यात जो निळा आला तो बघून ती स्टुलावर बसली. हा रंग ती वीसेक वर्षं बघत आली होती. राऊतांच्या शेताचा मध्यम निळा, जरासुद्धा न हललेला.

कसं झालं असेल ते तिला कळायला वेळ लागला नाही. नत्र पाण्याबरोबर कुठेही जातं, पण फॉस्फरस जिथे पडेल तिथे मातीला धरून बसतो. नांगर त्याला खाली नेतो, तो नांगरच नाही. खत वर, चुरा वर, पेंढा वर. मुळांनी खालून ओढून आणलेलं थोडंफार पानांतून पुन्हा वरच गळायचं. सगळी श्रीमंती वरच्या चार बोटांत साठत गेली आणि खालची जमीन वर्षागणिक उपाशी पडली. पावसात वरचा थर ओला, त्यामुळे भाताचं भागायचं. पुढे तो सुकला की वालाची मुळं खाली जायची आणि तिथे त्यांना काही मिळायचं नाही. आणि दरवर्षी ते दोघं ती माती घमेल्यात कालवून वरचं जास्त आणि खालचं कमी यांचा मध्यम करत होते आणि खूश होत होते.

तिसऱ्या नळीत खोटं काहीच नव्हतं, हीच पंचाईत होती. नमुना तसाच घ्यायचा असतो. ‘मध्यम’ असं सांगितलं असतं तर जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेने तिला चूक म्हटलं नसतं. मग नांगर लागला नसता. राऊतांचं शेत त्यांनी ठेवलं तसं राहिलं असतं, त्यांनी अंथरलेला एकेक पेंढा आहे तिथेच. आणि पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास सिद्धेश पिशवी घेऊन आला असता. त्याला खारी आवडते का, हेसुद्धा तिने मनात विचारून घेतलं. इतक्या लांबवर ती जाऊन आली.

दोन दिवसांनी सिद्धेशचा फोन आला, तर रसायन संपलंय, मागवलंय, अशी थाप मारून ती मोकळी झाली. पुढल्या आठवड्यात पुन्हा आला. तेव्हा तो घाई करत नव्हता, सहज बोलत होता. बोलता बोलता म्हणाला की यंदा आईने बोरिवलीच्या बाजारातून वाल आणले. राऊतांच्या घरात विकतचे वाल पहिल्यांदाच आले. आईने ते निवडले, भिजवले, मोड आणले, बिरडं केलं, आणि स्वतः जेवलीच नाही.

वसुधाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सिद्धेश, नांगर लाव.”

“नांगर? बाबांच्या वाफ्यांना?”

“चांगला खोल लाव. वरची माती खाली गेली पाहिजे. एकदाच. पुढे तुला पुन्हा बाबांसारखी करायची असेल तर खुशाल कर, पण आत्ता एकदा उलटून घे.” मग तिने त्याला दोन पिशव्यांचं सगळं समजावून सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. तिच्या आवाजात तेव्हा काहीही नव्हतं.

“म्हणजे बाबांचं चुकलं?” त्याने विचारलं.

“नाही रे. पाणी टिकलं, गांडुळं आली, जमीन जिवंत झाली, ते सगळं खरं आहे. हे एकच दिसलं नाही. आम्ही दोघं वरखालची माती एकत्र करून बघत बसलो. तू वेगळी आणलीस म्हणून कळलं.”

तो बराच वेळ हं हं करत राहिला. शेवटी म्हणाला, रविवारी पॉवर टिलर सांगतो, तुम्ही याल का मॅडम? आई इथेच बसलीय, म्हणतेय बोलवच म्हणून. वसुधाने आधी कामाचं कारण सांगितलं. रविवारी तिला कसलं काम असणार? ती गेली.

मुलुंडहून बसने बोरिवली, तिथून रिक्षाने खाडीचा धक्का, मग लाँच. पलीकडे सिद्धेश स्कूटर घेऊन उभा होता. शेत घराच्या मागेच होतं, आणि दिसलं तेव्हा ती चपापली. ज्या शेताची माती इतकी वर्षं तिच्या नखांत अडकत होती ते तिने कधी बघितलेलंच नव्हतं. तिच्या मनातलं शेत बरंच मोठं होतं. हे एवढंसं, एका कडेला शेवग्याचं झाड, पलीकडे कोणाच्या तरी बंगल्याची नवी कोरी भिंत. वाफ्यांवर पेंढा अजून होता. तिला त्याच्यावर पाय ठेववेना, म्हणून ती बांधावरूनच चालली.

शर्मिष्ठा राऊत बांधाच्या टोकाला खुर्ची टाकून बसली होती. वसुधाच्याच वयाची, गुडघ्यांनी त्रासलेली, बोलायला मोकळी. तिने वसुधाला शेजारी बसवून घेतलं, पाणी दिलं, उन्हाची चौकशी केली. टिलरवाला मशीन घेऊन उभा होता. सिद्धेशची बायको निधी तांब्या, हळदकुंकू आणि नारळ घेऊन आली आणि नारळ हातात घेऊन दगडापाशी वाकली.

“निधी, थांब गं,” शर्मिष्ठा म्हणाली. “नारळ ताईंच्या हातात दे.”

वसुधा गडबडून उठली. “मी कशी? घरच्या माणसाने वाढवायचा असतो.”

“म्हणून तर सांगतेय.”

तिने हे अगदी सहज म्हटलं, जेवायला वाढताना अजून थोडा भात घ्या म्हणावं तसं. वसुधाने नारळ घेतला. पहिल्यांदा आपटला तो घसरला. दुसऱ्यांदा नुसता आवाज झाला. सिद्धेश मदतीला पुढे येत होता, त्याला आईने डोळ्यांनीच मागे सारलं. तिसऱ्या वेळेला तो फुटला, पाणी वसुधाच्या साडीवर आणि मातीवर सांडलं, आणि टिलर सुरू झाला.

मोठं काही काम नव्हतं. मशीन घरघरत एका टोकाकडून दुसरीकडे जायचं, वळायचं, परत यायचं. पेंढा खाली जात होता आणि फिकट ढेकळं वर येत होती. दोघी बायका खुर्च्यांवर बसून बघत होत्या. मशीनच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं, ते बरंच होतं. मध्ये टिलरवाला पाणी प्यायला थांबला तेव्हा शर्मिष्ठा म्हणाली, “मला वाटलं होतं, तुम्ही नको म्हणाल.”

“का?”

“मीही नकोच म्हटलं असतं ना.” ती शेताकडेच बघत होती. “तुमच्याकडे यायचं असलं की त्यांना इस्त्रीचा शर्ट लागायचा. एरवी बनियनवर अख्खं गाव फिरतील. मीच काढून ठेवायचे आदल्या रात्री.”

बोलण्यात टोचून काही नव्हतं. वसुधाने ते नीट ऐकलं, मनाशी पुन्हा एकदा ऐकलं.

“माती फार छान वाळवून आणायचे,” ती म्हणाली.

“आणतील नाही तर काय. ओसरीवर पसरून ठेवायचे आणि कोंबड्या हाकलायला मला बसवायचे.”

यावर दोघी हसल्या, आणि हसताना वसुधाचे डोळे भरून आले. शर्मिष्ठाने ते बघितलं की नाही कळलं नाही. तिने पदराने आपलं तोंड पुसलं आणि टिलरवाल्याला ओरडून सांगितलं, कोपरे सोडू नकोस रे बाबा.

दुपारी निघताना नारळाचं एक भकल कागदात गुंडाळून निधीने वसुधाच्या पिशवीत घातलं. सिद्धेशने धक्क्यापर्यंत सोडलं. पुढच्या वर्षी माती आणतोच म्हणाला, आणि लगेच म्हणाला की आता कुरियरने पाठवली तरी चालेल ना, मुलुंडला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. ती म्हणाली, हो, चालेल की. न चालायला काय झालं?

नाहूरच्या आपल्या खोलीवर ती पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. मजल्यावर चार बिऱ्हाडं. इतकी वर्षं ती इथे राहत होती, पण आपण बरं आपलं काम बरं, अशी. तिने हातपाय धुतले, पिशवीतला नारळ काढला, आणि एकटीला अर्धा नारळ काय करायचा म्हणून क्षणभर बघत राहिली. मग विळी काढली, खोबरं करवंटीपर्यंत खवलं, साखर घालून कालवलं, आणि वाटी पदराखाली धरून शेजारचं दार वाजवलं.

अनुपमाने दार उघडलं. हातात मोबाईल, मागे टीव्ही चालू.

“हात पुढे कर गं,” वसुधा म्हणाली. “प्रसाद आहे.”

“कसला, काकू?”

“आज आमचं शेत नांगरलं.”

“तुमचं शेत आहे?” अनुपमाने प्रसाद तोंडात टाकता टाकता विचारलं. “कधी बोलला नाहीत ते.”

“लहानसंच आहे. गोराईला,” वसुधा म्हणाली, आणि पुढचं दार वाजवायला वळली.